एक्सेलची निकालाची फाइल नव्या लॅपटॉपवर चालेना, मॅक्रो ब्लॉक, लाल पट्टी येते – काय करू?

खडूफळा

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी, पट ३१. निकालाचं काम आम्ही एक्सेलच्या एका फाइलमधे करतो, एका तंत्रस्नेही सरांनी बनवलीये, आकारिक (वर्षभराचं वर्गकाम) आणि संकलितचे (सत्राच्या शेवटची परीक्षा) गुण भरले की श्रेणी आपोआप लागते, वर्णनात्मक नोंदी येतात आणि एक बटण दाबलं की सगळ्या मुलांची प्रगतीपत्रकं प्रिंटला तयार (फाइलमधल्या या छोट्या प्रोग्रॅमलाच मॅक्रो म्हणतात). चार वर्षं झाली वापरतेय, कधीच काही अडचण आली नाही.

यंदा घरी नवीन लॅपटॉप घेतला, विंडोज ११ आणि ऑफिसही नवीन. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या) ग्रुपवर यंदाची फाइल आली ती क्रोममधे व्हॉट्सअॅप वेब उघडून डाउनलोड केली. उघडल्यावर आधी पिवळी पट्टी, एनेबल एडिटिंग दाबलं, ती गेली आणि लगेच लाल पट्टी आली. सिक्युरिटी रिस्क, या फाइलचा सोर्स भरवशाचा नाही म्हणून मॅक्रो ब्लॉक केलेत असं काहीतरी. पूर्वी एनेबल कंटेंट असं बटण यायचं, ते दाबलं की काम सुरू, आता ते बटणच नाही, फक्त लर्न मोअर. गुण भरता येतात पण प्रगतीपत्रकाचं बटण दाबलं की काहीच होत नाही.

मला न सुटलेली गोष्ट म्हणजे हीच फाइल पेनड्राइव्हवर घालून शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर नेली (तिथे ऑफिस २०१० आहे) तर व्यवस्थित चालते! मग फाइल खराब आहे की माझा लॅपटॉप?

आणि अजून एक, तालुक्याहून मेलवर परिपत्रकं येतात, पीडीएफ, ती फोल्डरमधे नुसती सिलेक्ट केली की उजव्या बाजूला दिसायची, उघडावी लागायची नाहीत. आता तिथेही ही फाइल तुमच्या कॉम्प्युटरला धोका करू शकते असं येतं. शासनाचं परिपत्रक धोकादायक कसं काय? लॅपटॉपमधे व्हायरस शिरलाय का? निकाल पाच दिवसांवर आलाय आणि ३१ प्रगतीपत्रकं हाताने लिहायची वेळ येईल म्हणून जीव खालीवर होतोय. कृपया कोणीतरी सोप्या शब्दात सांगा.

राजगड_७८

मॅडम टेन्शन घेऊ नका. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, मॅक्रो सेटिंग्ज, तिथे सगळे मॅक्रो एनेबल करा असा शेवटचा पर्याय आहे तो निवडून टाका. तरी नाही झालं तर अँटीव्हायरस बंद करून बघा. मी सगळ्या मशीनवर हेच करून ठेवलंय, एकदा केलं की परत विचारत नाही.

सर्व्हररूम

मॅडम, थांबा, वरचं काही करू नका आधी. मी सांगलीत एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो, हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन वाचा.

पहिली गोष्ट, तुमच्या लॅपटॉपमधे व्हायरस नाही, निदान या पट्टीवरून तरी तसं काही म्हणता येत नाही. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा आठवतंय ना, बाहेरून आलेल्या ट्रकची तिथे नोंद व्हायची. विंडोज तसंच करतं. ब्राउझरने किंवा मेलमधून कुठलीही फाइल आली की तिच्या मागे एक छोटी चिठ्ठी चिकटवली जाते, तिला झोन आयडेंटिफायर म्हणतात, आणि त्यात एक आकडा असतो. ० म्हणजे आपलाच कॉम्प्युटर, १ म्हणजे ऑफिसचं आतलं नेटवर्क, २ विश्वासू साइट, ३ म्हणजे इंटरनेट, ४ म्हणजे बंदी घातलेली साइट. तुमच्या फाइलवर ३ आहे. ही पद्धत काही आजची नाही, एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून चालू आहे. चिठ्ठीत फक्त ट्रक कुठून आला ते असतं, आत साखर आहे की दारूगोळा हे तिला माहीत नसतं. त्यामुळे शासनाचं परिपत्रक असो की कोणा चोराने पाठवलेली फाइल असो, दोन्हीवर तोच ३ लागतो.

आता बदललं काय, तर २०२२ साली मायक्रोसॉफ्टने असं ठरवलं की इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आपणहून ब्लॉक करायचे आणि ते एनेबल कंटेंटचं बटणच काढून टाकायचं. फेब्रुवारीत जाहीर झालं, एप्रिलपासून यायला लागलं, जुलैमधे लोकांच्या तक्रारींमुळे थोडे दिवस मागे घेतलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी परत सुरू केलं. एक्सेल, वर्ड, पॉवरपॉइंट, अॅक्सेस आणि व्हिजिओ अशा पाच प्रोग्रॅमना, तेही फक्त विंडोजवर. बटण काढायचं कारण साधं आहे, माणूस ते न वाचता दाबतो. मीही दाबायचो, तुम्हीही चार वर्षं दाबत आलात, आणि फसवणारे लोक तर फाइलमधे मोठ्या अक्षरात लिहूनच ठेवायचे की मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा.

शाळेत का चालते याला दोन कारणं. २०१० च्या ऑफिसला हा २०२२ चा नियम माहीतच नाही. आणि पेनड्राइव्ह बहुतेक वेळा एफएटी३२ किंवा एक्सएफएटीचा (फाइली साठवायच्या साध्या पद्धती) असतो, त्यावर ही चिठ्ठी राहूच शकत नाही, कॉपी करतानाच गळून पडते. म्हणजे शाळेतला कॉम्प्युटर जास्त चांगला आहे असं नाही, त्याला काही कळतच नाही.

आता करायचं काय. एक्सेल पूर्ण बंद करा. फाइल डाउनलोडमधून उचलून तुमच्या निकालाच्या फोल्डरमधे ठेवा. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पहिलाच जनरल टॅब, अगदी खाली सिक्युरिटी म्हणून एक ओळ असेल आणि तिच्या शेजारी अनब्लॉक नावाचा छोटा चौकोन. त्यात टिक, अप्लाय, ओके. विंडोज ११ मधे राइट क्लिकचा मेनू छोटा येतो, त्यात प्रॉपर्टीज सापडली नाही तर फाइल सिलेक्ट करून ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबा. मग फाइल उघडा, लाल पट्टी येणार नाही. फार तर एनेबल कंटेंटवाली जुनी पिवळी पट्टी येईल.

पण, आणि हा पण मोठा आहे, अनब्लॉक करायच्या आधी फाइल नक्की त्याच सरांची आहे का ते बघा. ग्रुपवर कोणी टाकली? सरांनी स्वतः, की कोणाकडून फिरत फिरत आली? सरांना फोन लावा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि फोल्डरच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइलनेम एक्स्टेन्शन्सला टिक करा, कारण विंडोज नावाचा शेवटचा भाग लपवतं. निकाल.एक्सएलएसएम असं दिसलं तर एक्सेल आहे, पण निकाल.एक्सएलएसएम.ईएक्सई असं निघालं तर ती एक्सेलची फाइल नाहीच, तो प्रोग्रॅम आहे, तिला हातही लावू नका.

झिपमधून आलेली फाइल असेल तर झिप सोडवायच्या आधी झिपलाच अनब्लॉक करा, नाहीतर विंडोज ती चिठ्ठी आतल्या प्रत्येक फाइलला चिकटवतं आणि मग ४० फाइल असतील तर ४० वेळा टिक करत बसावं लागतं.

परिपत्रकाचं वेगळं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या विंडोज अपडेटमधे चिठ्ठीवाल्या फाइलचा प्रीव्ह्यू बंद केलाय. कारण असं की फाइलच्या आत बाहेरच्या कुठल्या तरी ठिकाणाचा पत्ता लपवलेला असेल तर तुम्ही ती उघडली नाहीत, नुसती सिलेक्ट करून पाहिली, तरी तुमच्या लॉगिनच्या पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनलेला सांकेतिक कोड) बाहेर जाऊ शकत होता. म्हणून आता परिपत्रक डबल क्लिक करून उघडा, त्याला काही अडचण नाही. नेहमी प्रीव्ह्यूच हवा असेल तर तिथेही तेच अनब्लॉक, कधीकधी साइन आउट करून परत आल्यावरच फरक दिसतो.

राजगड_७८

सर्व्हररूम सर माहिती चांगली दिलीत, पण एवढा खटाटोप प्रत्येक फाइलला कोण करणार? सरकारी ऑफिसात, शाळेत रोज वीस फाइल येतात. माझ्याकडे पाच वर्षं सगळे मॅक्रो चालू आहेत, आजपर्यंत एक फाइल खराब झाली नाही. फाइल ओळखीच्या माणसाकडून आलीये एवढं मला कळतं ना, मग विंडोजने मधे का पडावं?

हिशोबनीस

राजगडदादा, ओळखीचा माणूस म्हणता म्हणून लिहावंसं वाटलं, एरवी मी इथे फक्त वाचते. मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांच्या जॉबवर्कचे हिशोब लिहिते. चार वर्षांपूर्वी मी जिथे बसायचे तिथे एका सुताच्या व्यापाऱ्याच्या मेलवरून फाइल आली, बिलाचा तपशील म्हणून. व्यापारी ओळखीचा, दर आठवड्याला त्याचा मेल यायचा, मेल आयडी पण त्याचाच, अगदी अक्षर न अक्षर. आमच्याकडे मॅक्रो असेच कोणीतरी कायमचे चालू करून ठेवलेले, त्यामुळे पट्टी नाही, प्रश्न नाही, फाइल उघडली, रिकामी दिसली, मी बंद केली आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकाउंटचा सगळा डेटा, स्कॅन केलेली बिलं, मालकांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, सगळ्या फाइलींची नावं बदललेली, एकही उघडेना आणि पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. त्या व्यापाऱ्याला फोन केला तर तो बिचारा म्हणतो, मी काही पाठवलंच नाही, माझा पासवर्ड कोणीतरी घेतलाय, सकाळपासून तुमचा सातवा फोन.

पैसे दिले नाहीत. बॅकअप एका वेगळ्या हार्ड डिस्कवर होता म्हणून वाचलो, पण तो ११ दिवस जुना होता. ११ दिवसांच्या नोंदी आम्ही दोघींनी रात्री नऊ नऊ वाजेपर्यंत बसून कागदावरून परत भरल्या. तेव्हापासून माणूस ओळखीचा असला तरी फाइल ओळखीची आहे असं मी धरत नाही. त्या व्यापाऱ्यावर माझा आजही विश्वास आहे, पण ती फाइल त्याची नव्हतीच.

मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येतात ते पण हेच आहे. नंबर आत्याचा, फोटो आत्याचा, पाठवणारा तिसराच, कारण आत्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. लग्नपत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे अॅप, पत्रिका बघायला अॅप कशाला टाकायचं? पैसे गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावा, जेवढा उशीर तेवढे ते हाती लागणं अवघड.

सर्व्हररूम

हिशोबनीस ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला लावून ठेवली नव्हती म्हणून ती वाचली, हे पण सगळ्यांनी लक्षात घ्या, कायम लावलेली असती तर तीही गेली असती.

राजगड, तुमचा वीस फाइलींचा मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. पण त्याला उपाय आहे. पहिलं म्हणजे रोजच्या वीसातल्या मॅक्रोवाल्या किती? माझ्या पतसंस्थेत महिन्याला तीन. बाकी सगळ्या साध्या एक्सेल, वर्ड, पीडीएफ, त्यांना अनब्लॉकची गरजच नाही, फार तर एनेबल एडिटिंग. दुसरं, रोज लागणाऱ्या मॅक्रो फाइलींसाठी ट्रस्टेड लोकेशन करा. ट्रस्ट सेंटरमधेच ट्रस्टेड लोकेशन्स आहे, तिथे एक फोल्डर नेमून द्यायचा, समजा डी ड्राइव्हवर निकाल नावाचा, त्यात ठेवलेल्या फाइलींना एक्सेल काही विचारत नाही, चिठ्ठी असली तरी. फक्त डाउनलोड फोल्डरला किंवा डेस्कटॉपला ट्रस्टेड करू नका. तिथे सगळंच येऊन पडतं, मग त्या नेमण्याला अर्थ राहत नाही. तिसरं, खूप फाइल एकदम अनब्लॉक करायच्या तर पॉवरशेलमधे (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) अनब्लॉक-फाइल नावाची कमांड आहे, पण ती त्यालाच सांगा ज्याला आपण कुठल्या फोल्डरवर उभे आहोत ते कळतं.

आणि सगळे मॅक्रो एनेबल करा हा पर्याय मी टेस्टच्या मशीनवर मुद्दाम करून पाहिला होता, चिठ्ठी असलेल्या फाइलला लाल पट्टी तरीही आलीच. म्हणजे मॅडमचं काम त्याने झालंच नसतं, आणि पेनड्राइव्हवरून चिठ्ठी गळून आलेल्या फाइलींना मात्र दार सताड उघडं राहिलं असतं. शाळेत तर पेनड्राइव्ह किती हातांतून फिरतो ते तुम्हाला माहितीय.

अँटीव्हायरस बंद करण्याबद्दल एवढंच की त्याने एखादी फाइल उचलून क्वारंटाइनमधे टाकली असेल तर विंडोज सिक्युरिटीच्या प्रोटेक्शन हिस्टरीत जाऊन नक्की कुठली फाइल आणि काय नाव देऊन पकडली ते आधी वाचा. खात्री झाली तर तेवढी एक फाइल तिथून परत आणता येते. एका फाइलसाठी अख्खं संरक्षण काढायचं नाही.

फळ्यावरून_एक्सेलकडे

मी अशाच फाइली बनवणारा शिक्षक, मॅडम ज्या सरांबद्दल बोलतायत ते मी नाही, पण आमची बाजू पण कोणीतरी सांगायला हवी. दिवाळीच्या सुट्टीत बसून एकेक मॅक्रो लिहितो, स्वतःच्या शाळेत वर्षभर वापरून बघतो आणि मग ग्रुपवर टाकतो, पैसे घेत नाही. २०२२ नंतर पहिल्याच निकालाच्या वेळी मला एका दिवसात साठ-सत्तर फोन आले, सर तुमच्या फाइलमधे व्हायरस आहे म्हणून. खूप वाईट वाटलं. एकेकाला फोनवर प्रॉपर्टीज कुठे, टॅब कुठला हे सांगता सांगता घसा बसला.

सही करून पाठवावी म्हणून चौकशी केली. मॅक्रोवर डिजिटल सही करता येते, आणि समोरच्याने एकदा त्या सहीवर विश्वास ठेवला की पुढच्या फाइल आपोआप चालतात. पण त्याचं प्रमाणपत्र दरवर्षी पैसे भरून घ्यावं लागतं, आणि ऑफिसबरोबर येणाऱ्या सोयीने आपलं आपण बनवलेलं प्रमाणपत्र फक्त आपल्याच मशीनवर चालतं, दुसऱ्याला ते आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवावं लागतं. चारशे शिक्षकांना ते करायला सांगणं म्हणजे अनब्लॉकपेक्षा मोठं काम. सोडून दिलं.

मग मी उलट विचार केला की मॅक्रो लागतोच कशाला? बसून एकेक बटण तपासलं. श्रेणी लावायला मॅक्रो नको, ९१ पासून वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१ असं खाली इ-२ पर्यंत एक तक्ता करून लुकअपच्या फॉर्म्युल्याने होतं. इयत्तेप्रमाणे भारांश (कशाला किती टक्के वजन), पहिली-दुसरीला आकारिक ७० संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, हे पण फॉर्म्युल्यात बसतं. वर्णनात्मक नोंदी ड्रॉपडाउनमधून निवडता येतात, आणि मला तर वाटतं त्या शिक्षकाने निवडाव्याच, सगळ्या मुलांना आळीपाळीने त्याच चार नोंदी चिकटवण्यापेक्षा. प्रगतीपत्रकासाठी वर हजेरी क्रमांक टाकला की त्या मुलाचं पान भरतं. फक्त सगळी एकदम प्रिंट होणं गेलं, एकेक क्रमांक टाकून प्रिंट द्यावी लागते. ३० मुलांना दहा-पंधरा मिनिटं जास्त. पण फाइल आता साधी एक्सएलएसएक्स आहे, लाल पट्टीचा प्रश्नच नाही, आणि मोबाइलवर गूगल शीट्समधे पण उघडते, जिथे आपले एक्सेलचे मॅक्रो कधीच चालत नव्हते.

ज्यांना मॅक्रोवालीच हवी त्यांच्यासाठी माझ्या ड्राइव्हवरची एकच लिंक ठेवलीये आणि खाली फाइलचा एसएचए-२५६ हॅश लिहिलाय, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा ६४ अक्षरांचा कोड. पॉवरशेलमधे गेट-फाइलहॅश ही कमांड दिली की तुमच्या फाइलचा हॅश येतो, जुळला तर ती माझीच, एक स्वल्पविराम जरी कोणी बदलला तरी जुळणार नाही. किती जण जुळवतात माहीत नाही, दहा जणांनी जुळवला तरी ते दहा जण ग्रुपवर सांगतील. मॅडम, तुमच्या सरांना नक्की फोन करा, बनवणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, उलट बरं वाटतं. पण व्हायरस आहे का असं विचारू नका, ही तुमचीच आहे का असं विचारा.

बाराखडी_डॅलस

इथे आमच्या रविवारच्या मराठी शाळेत एका पालकाने मुलांसाठी अक्षरओळखीचं छोटं अॅप बनवलं, मॅकवर तसंच होतं, डेव्हलपर ओळखता येत नाही म्हणून उघडतच नाही. आधी कंट्रोल धरून क्लिक केलं की उघडा असा पर्याय यायचा, २०२४ च्या सिक्वोयापासून (मॅकची नवी आवृत्ती) तो रस्ता बंद केलाय, आता सिस्टिम सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन ओपन एनीवे दाबावं लागतं. मॅकवाल्या पालकांना उपयोग होईल म्हणून लिहिलं. आम्ही पण त्या बाबांना विचारूनच उघडलं.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री वाचलं आणि आज सकाळी आधी फोन केला, मगच लॅपटॉप उघडला.

जे झालं ते सांगते. सरांना विचारलं, ग्रुपवर आलेली ही फाइल तुमचीच ना? ते म्हणाले, नाव काय आहे फाइलचं? मी सांगितलं. म्हणाले, मी यंदा अजून कुठल्याच ग्रुपवर टाकलेली नाही, चौथीच्या पानावर एक दुरुस्ती बाकी आहे. मग त्यांनी ती मागवून घेतली आणि तासाभराने परत फोन आला. गेल्या वर्षीची त्यांचीच फाइल कोणीतरी घेऊन पहिल्या पानावरचं त्यांचं नाव खोडून दुसरं टाकलं होतं, आणि मॅक्रोला पासवर्ड लावला होता, त्यामुळे आत काय बदललंय हे त्यांनाही बघता येईना. व्हायरस आहे असं ते म्हणाले नाहीत, बहुतेक नुसतं नाव लावायची हौस असेल असं म्हणाले. पण तिसरीच्या पानावर भारांश ६०-४० च्या जागी ५०-५० झालेला त्यांनी दाखवला. माझ्या तिसरीत ९ मुलं आहेत. एका मुलीचं आकारिक फार छान आहे, लेखीला घाबरते, तिची श्रेणी त्या फाइलमधे ब-१ येत होती आणि नीट मोजल्यावर अ-२ आली. मी तशीच अनब्लॉक करून वापरली असती तर मला कधीच कळलं नसतं, आणि तिच्या आईला मी ब-१ चं प्रगतीपत्रक दिलं असतं. हे मनातून जात नाहीये.

सरांनी दुपारी दुरुस्त केलेली फाइल स्वतः मेलवर पाठवली. प्रॉपर्टीजमधे सर्व्हररूम सरांनी सांगितलं तिथेच अनब्लॉकचा चौकोन होता, टिक केलं, उघडली, चालली. निकाल नावाचा फोल्डर करून ट्रस्टेड लोकेशनमधे पण टाकला. केंद्रप्रमुखांना सांगून ग्रुपवरची ती जुनी फाइल काढायला लावली आणि सरांची लिंक पिन करून घेतली. हिशोबनीस ताई, तुमचं वाचून संध्याकाळी सगळा शाळेचा डेटा एका डिस्कवर घेतला आणि डिस्क कपाटात ठेवली. फळ्यावरून_एक्सेलकडे सर, तुमची मॅक्रो नसलेली फाइल पुढच्या सत्रात वापरून बघणार, नोंदी स्वतः निवडाव्यात हे मला पटलं.

एक शंका राहिली, ही फाइल इंटरनेटवर तपासून बघायच्या साइट असतात म्हणतात तिथे टाकली तर चालेल का?

सर्व्हररूम

मॅडम, वाचून खरंच समाधान वाटलं, त्या मुलीचं तर जास्तच. व्हायरसटोटल म्हणून साइट आहे, गूगलकडे आहे ती, एका वेळी सत्तरेक अँटीव्हायरसकडून फाइल तपासून देते. पण तिथे कोरी फाइल टाका, मुलांची नावं, जन्मतारखा, आधार नंबर भरलेली कधीच नाही, कारण तिथे टाकलेली फाइल तपासणाऱ्या कंपन्यांना बघता येते. आणि तिथे सगळं हिरवं आलं तरी ५०-५० ची चूक ती साइट पकडणार नाही, ती तुमच्या सरांनीच पकडली.

राजगड_७८

मॅडमचं वाचून मी आज घरच्या आणि ऑफिसच्या दोन्ही मशीनवर मॅक्रो सेटिंग परत होतं तसं केलं. भारांशाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी फक्त व्हायरसचाच विचार करत होतो. माझी पहिली पोस्ट कोणी वाचून तसं करू नका.

टाइपरायटर

याच विषयावर आहे म्हणून इथेच विचारतो, आमच्या ऑफिसात एक सामायिक फोल्डर आहे, त्यातली पगारपत्रकाची मॅक्रो फाइल उघडली की हीच लाल पट्टी येते, पण प्रॉपर्टीजमधे अनब्लॉकचा चौकोन दिसतच नाही. फाइल तर ऑफिसातच बनवलेली आहे, कुठून डाउनलोड नाही केली.

सर्व्हररूम

तुम्ही फोल्डर आयपी नंबर टाकून उघडता का, १९२.१६८ असं काहीतरी? तसं असेल तर विंडोज त्या जागेलाच इंटरनेट समजतं, फाइलवर चिठ्ठी नसतेच, म्हणून चौकोन पण नाही. त्या मशीनचं नाव टाकून फोल्डर उघडून बघा. तरी आली तर कंट्रोल पॅनेलमधे इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी टॅब, लोकल इंट्रानेट, साइट्स, तिथे त्या मशीनचा पत्ता घाला. ऑफिसचे कॉम्प्युटर कोणी सांभाळत असेल तर हे त्याच्याकडूनच करून घ्या, म्हणजे सगळ्या मशीनवर एकदाच होईल.

टाइपरायटर

हो, आयपीनेच उघडत होतो. नावाने उघडलं, पट्टी गेली. धन्यवाद सर.